लकच्या पुढचे पाच जण

24 ऑगस्ट 2019, इंडियानापोलिस. लुकास ऑइल स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलमधल्या इथल्या टीमची, कोल्ट्सची, शिकागो बेअर्सशी प्रीसीझन, म्हणजे सीझनआधीची सरावाची, मॅच चाललीये आणि ती संपायच्या आतच लोकांच्या मोबाइलवर बातमी येऊन पडते, कोल्ट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणारा, अँड्र्यू लक रिटायर होतोय. वय 29. मॅच संपून तो आत जायला निघतो तर त्याच्याच टीमचे काही फॅन त्याला बू करतात. मला हा क्षण आजही बघवत नाही, कारण इतकी वर्षं तो मार खात होता ते ह्याच लोकांसमोर.

कोल्ट्सनी त्याला 2012 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या नंबरवर घेतला. आदल्या वर्षी 16 पैकी फक्त 2 मॅच जिंकलेली टीम, हा आला आणि 11 जिंकली. पण त्याच सीझनला तो 41 वेळा सॅक झाला, म्हणजे बॉल फेकायच्या आधीच बॉलसकट पाडला गेला.

हे होतं कसं बघा. क्वार्टरबॅकच्या पुढे पाच जणांची लाइन असते, मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल, एकेक जण 140 किलोच्या आसपासचा. पास करायचा असला की ह्यांनी समोरच्यांना अडीच-तीन सेकंद रोखून धरायचं, बस. उजव्या हाताने फेकणारा फेकायला वळतो तेव्हा त्याची पाठ डावीकडे होते, तिकडून कोण येतंय ते त्याला दिसतच नाही, म्हणून लेफ्ट टॅकलला एवढा भाव. आणि समोरचे सरळ येत नाहीत, ते मधेच जागा बदलतात, अशा वेळी गार्डला वाटतं हा टॅकलचा, टॅकलला वाटतं गार्डचा, आणि तो मोकळाच आत घुसतो.

तेव्हा क्वार्टरबॅक कसा असतो? नजर लांब पळणाऱ्या रिसिव्हरवर, म्हणजे पास झेलणाऱ्यावर, पुढचा पाय रोवलेला, हात वर, बरगड्या उघड्या. अंग आवळून घ्यायलासुद्धा वेळ मिळत नाही. सिनसिनाटीच्या जो बरोचा 2020 मध्ये पहिल्याच सीझनला असाच रोवलेल्या पायावर घाव बसला, डाव्या गुडघ्याची एसीएल आणि एमसीएल दोन्ही लिगामेंट फाटली. ह्यूस्टनचा डेव्हिड कार तर 2002 मध्ये एका सीझनला 76 वेळा सॅक झाला, तो रेकॉर्ड अजून कोणी मोडलेला नाही आणि कोणी मोडूही नये.

लकचं 2015 मध्ये आधी फेकायच्या हाताचा खांदा गेला, मग किडनी फाटली, पोटाचा स्नायू फाटला. सगळं खापर लाइनवर फोडणं बरोबर नाही हेही सांगतो, तो मोठ्या पासची वाट बघत बॉल फार वेळ धरून ठेवायचा, स्वतः पळायचा, किडनीला लागलं तेव्हाही तो पळतच होता. पण पुढे अडवणारं धड कोणी नसेल तर माणूस पळणार नाही तर काय करणार? 2016 ला तोच दुखरा खांदा घेऊन खेळला आणि परत 41 सॅक. जानेवारी 2017 मध्ये ऑपरेशन, आणि ते अख्खं वर्ष एकही मॅच नाही.

मग 2018 च्या ड्राफ्टमध्ये कोल्ट्सनी सहाव्या नंबरवर क्वेंटन नेल्सनला घेतलं, गार्डला इतक्या वर सहसा कोणी घेत नाही, आणि दुसऱ्या राउंडमध्ये ब्रॅडन स्मिथ. त्या सीझनला लकचे सॅक झाले फक्त 18, लीगमध्ये सगळ्यात कमी, आणि टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, 39. अंगाला हात लागत नाही म्हटल्यावर हा माणूस काय खेळतो ते तेव्हा दिसलं, आणि मला सगळ्यात जास्त हळहळ ह्याचीच वाटते, की हे त्याला सातव्या वर्षी मिळालं.

2019 ला पोटरी आणि घोटा दुखायला लागला. दुखणं, उपचार, परत दुखणं, ह्या चक्रातून बाहेर पडायचंय असं त्या रात्री सांगताना त्याचे डोळे भरून आले होते.

त्या सीझनला कोल्ट्सच्या लाइनचे पाचही जण सगळ्याच्या सगळ्या 16 मॅचला एकत्र उतरले. मागे लक नव्हता.