सेंट ॲब्ज: कड्याखालचं कोळ्यांचं गाव

नमस्कार, श्रोतेहो.

स्कॉटलंडच्या आग्नेय टोकाला, इंग्लंडच्या सीमेजवळ सेंट ॲब्ज नावाचं कोळ्यांचं एक लहानसं गाव आहे. सातव्या शतकात इथल्या कड्यावर मठ चालवणाऱ्या एब्बा नावाच्या राजकुळातल्या बाईवरून भूशिराला हे नाव पडलं. गावाला ते बरंच उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिळालं. त्याआधी ते नुसतं कोल्डिंगहॅम शोअर होतं. मासेमारी करणारे राहायचे आत कोल्डिंगहॅमला. जाळी, टोपल्या पाठीवर घेऊन ते ज्या पायवाटेने समुद्रावर यायचे, ती क्रील पाथ आजही चालता येते.

या किनाऱ्यावर १४ ऑक्टोबर १८८१ ही तारीख कुणी विसरत नाही. सकाळी समुद्र शांत होता, पण बॅरोमीटरचा पारा भलताच उतरला होता, म्हणजे वादळाची खूण. मात्र बरेच दिवस बोटी धक्क्याला बांधलेल्या होत्या आणि घरची चूल तर पेटायला हवी. निघाल्या बोटी. दुपारी वादळाने गाठलं. १८९ माणसं गेली. त्यातली १२९ शेजारच्या आयमथची, या गावातली तीन. आयमथच्या बंदराच्या तोंडाशी, बायकामुलांच्या डोळ्यांदेखत बोटी फुटल्या.

पुढे १९०७ साली ‘आल्फ्रेड एर्लंडसेन’ हे डॅनिश जहाज गावासमोरच्याच खडकांवर आदळलं. सगळे खलाशी बुडाले. वाचला तो जहाजावरचा कुत्रा. मग ‘जेन हे’ नावाच्या बाईंनी पाठपुरावा करून गावात लाइफबोट, म्हणजे बुडणाऱ्यांना वाचवणारी बोट आणवली, १९११ साली. शंभरावर वर्षं ही सोय चालली. आयमथला बोट आहेच, असं म्हणत लाइफबोटी चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २०१५ साली इथलं केंद्र बंद केलं. गावकरी ऐकतात होय! त्यांनी वर्गणी काढली, टनॉक्स या बिस्किटवाल्यांनी मोठी रक्कम दिली आणि २०१६ साली गावाची स्वतःची बोट पाण्यात उतरली.

समुद्राच्या बाबतीतही गावाची रीत हीच. १९८४ साली इथे सागरी राखीव क्षेत्र झालं, तेही कायद्याच्या बडग्याने नव्हे, आपसातल्या समजुतीने. डायव्हरने पाण्यातून काही उचलून आणायचं नाही. खेकडे, शेवंडी पकडायच्या त्या कोळ्यांनी, पिंजरे लावून. हे मला फार शहाणपणाचं वाटतं, कारण कुणाच्या पोटावर पाय आला नाही.

भूशिराचे कडे म्हणजे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यांच्या अरुंद कंगोऱ्यांवर हजारो गिलेमॉट पक्षी खांद्याला खांदा लावून उभे असतात. घरटं नाहीच, उघड्या खडकावर एकच अंडं, एका टोकाला निमुळतं. पिल्लू तीनेक आठवड्यांचं झालं की, पंखांत बळ आलेलं नसतानाच, कड्यावरून थेट खाली उडी घेतं. खाली पाण्यात बाप हाका मारत असतो. पुढचे काही आठवडे त्याला भरवायचं, सांभाळायचं काम बापाचंच. शेजारी किटिवेक मात्र चिखल आणि गवताचं नीट घरटं बांधतात आणि दिवसभर स्वतःचंच नाव ओरडत बसतात.

जाणार असाल, तर मे ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत जा. ऑगस्ट उजाडेपर्यंत गिलेमॉट समुद्रावर निघून गेलेले असतात. १८६२ सालचा दीपस्तंभही बघा. त्याच्या दिव्यापर्यंत जायला जिना चढावा लागत नाही, कड्यावरून पायऱ्या उतराव्या लागतात.