पुस्तकातली युक्ती आणि गाळ्यातला हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग चाळले, तर कथा-कादंबऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून धंद्याची पुस्तकं बसलेली दिसतात. दादरच्या दुकानांत त्यांचे मराठी अनुवादही मिळतात. ती घेणाऱ्यांत असा एक वाचक असतो, ज्याचा वसईला किंवा अंधेरीला गाळा आहे, हाताखाली आठ-दहा माणसं आहेत आणि वाचायला वेळ मिळतो तो विरार लोकलमध्ये, तोही बसायला जागा मिळाली तर! आजचं बोलणं त्याच्यासाठी आहे: पुस्तकातली युक्ती आपल्या गाळ्यात चालेल का, आणि चालवायची कशी.

पुस्तकातली युक्ती कुठल्या जमिनीत रुजली, ते आधी पाहावं. तिथं ग्राहक रोख पैसे देतो की साठ दिवसांनी? लेखकानं फक्त जिंकलेल्यांकडे पाहिलं आहे का? 2001 साली ‘गुड टू ग्रेट’ आलं. त्यात अकरा कंपन्या आदर्श म्हणून निवडल्या होत्या. त्यांतल्या सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या अमेरिकी कंपनीनं 2008 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, आणि त्याच वर्षी फॅनी मे ही गृहकर्जांची कंपनी अमेरिकी सरकारला ताब्यात घ्यावी लागली. म्हणून ते पुस्तक रद्दीत घालायला नको. पण यशस्वी कंपनीची सवय आणि तिच्या यशाचं कारण यांत फरक असतो, एवढं मनाशी धरून वाचावं.

आता एक लोकप्रिय युक्ती जरा उलगडून पाहू. माइक मिकालोविट्झ यांच्या ‘प्रॉफिट फर्स्ट’चं म्हणणं असं, की विक्रीतून खर्च वजा करून उरेल तो नफा समजू नका. नफा आधी बाजूला काढा आणि उरेल त्यात खर्च भागवा. त्यासाठी जमा, नफा, मालकाचा पगार, कर आणि खर्च अशी वेगवेगळी बँक खाती ठेवायची. महिन्याच्या 10 आणि 25 तारखेला जमा खात्यातली रक्कम ठरलेल्या टक्क्यांनी वाटायची. आपल्या आज्या डाळीच्या डब्यांत पैसे वेगळे ठेवत, तीच ही रीत.

पण आपल्याकडे ती अडते कुठे? कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्याचं उदाहरण घ्या. 5 एप्रिलला त्यानं एक लाखाचं बिल केलं, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 1,18,000. कच्चा माल घेतला 40,000 चा, त्यावर 7,200 जीएसटी भरला. म्हणजे सरकारला द्यायचे राहिले 10,800. दर महिन्याला रिटर्न भरत असेल, तर ते 20 मेपर्यंत जायला हवेत. पार्टी मात्र साठ दिवसांची, पैसे येणार 4 जूनला. आलेल्या पैशांतून टक्के काढायची पद्धत इथं लंगडी पडते, कारण कर लागतो तो बिल फाडल्यावर.

उपाय असा. कराच्या खात्यात भर घालताना वसुलीकडे पाहू नका, त्या महिन्याच्या बिलांकडे पाहा. खरेदीवरचा जीएसटी वजा करून देणं किती निघतं ते मांडा आणि कुणाचेही पैसे आले की आधी ती रक्कम या खात्यात टाका. मग पगार, मग नफा. नफ्याची सुरुवात एक टक्क्यानं केली तरी पुरे. उत्साहात पहिल्याच महिन्यात दहा टक्के काढणारा तिसऱ्या महिन्यात तेच पैसे पगाराला परत घेतो, आणि एकदा ते खातं फोडायची सवय लागली की पद्धत संपली.

दुसरी अडचण बँकेची. बहुतेक करंट खात्यांना किमान शिल्लक ठेवावी लागते. पाच खाती म्हणजे पाच ठिकाणी पैसे अडकले. शिवाय कॅश क्रेडिटवर, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून लागेल तसं उचलायच्या कर्जावर (सीसी), व्याज चालू असताना नफा दुसऱ्या खात्यात बिनव्याजी झोपवणं म्हणजे एका खिशातून भाडं देऊन दुसरा खिसा भरणं. सीसी असेल त्यानं फक्त कराचं खातं वेगळं ठेवावं, बाकीची वाटणी वहीत.

उधारी आखडणं हा खरा इलाज, आणि त्यासाठी कायदाही हाताशी आहे. 2006 च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. आर्थिक वर्ष 2023-24 पासून आयकराची तरतूदही आली. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर घेणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च दाखवून वजावट मिळत नाही. म्हणून उद्यम नोंदणीचा, म्हणजे अशा उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक बिलावर ठळक छापा. पार्टीच्या अकाउंट्स विभागाला तो दिसला, की फाइल जरा लवकर हलते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र उशिराच्या पैशांबाबतचं हे संरक्षण नाही.

पैशांवरून कामाकडे येऊ. एलियाहू गोल्डरॅट यांचं ‘द गोल’ 1984 चं, म्हणजे नवं मुळीच नाही. पण नव्या पुस्तकांतला बराच माल तिथूनच उचललेला आहे. कारखान्याचा वेग सर्वांत मंद टप्पा ठरवतो, हे त्याचं सार. खोक्यांच्या छापखान्यात छपाई यंत्र तासाला 4,000 शीट देतं आणि पंचिंगला, म्हणजे शीट खोक्याच्या आकारात कापायच्या टप्प्याला, 1,000 च होतात असं समजा. छापून झालेल्या शीटांचा ढीग कुणासमोर साचतो, ते पाहिलं की अडलेला टप्पा सापडतो. नवं छपाई यंत्र घेऊन काही साधत नाही, हप्ता मात्र सुरू होतो. त्याआधी बिनपैशाच्या तीन गोष्टी करा. पंचिंगवाल्यांची जेवणाची सुट्टी पाळीपाळीनं ठेवा, यंत्र थांबू देऊ नका. तो एक तास म्हणजे हजार शीट. खराब छपाईच्या शीट पंचिंगच्या आधी वेचून काढा. आणि पंचिंगला झेपेल तेवढंच छापा. जास्त छापलं तर कागदात पैसा अडकतो. पावसाळ्यात तर हवेतल्या ओलाव्यानं शीट वाकतात आणि पंचिंगला माप बसत नाही.

डबेवाल्यांचं उदाहरण इतक्या व्याख्यानांत ऐकून झालंय की ते टाळावंसंच वाटतं. पण त्यांच्या अचूकतेच्या आकड्यांपेक्षा एक साधी गोष्ट पाहण्यासारखी आहे. तिथं ठेका लोकलचा. गाडी स्टेशनात काही क्षणच थांबते, म्हणून डबे गोळा करणं, निवडून लावणं, चढवणं सगळं तिच्या वेळेला बांधलेलं. गोल्डरॅट ज्याला ढोल म्हणतात, बाकी सगळ्यांचा वेग ठरवणारा, तो हाच.

2023 च्या ‘हाऊ बिग थिंग्ज गेट डन’मध्ये बेंट फ्लुबिएर्ग आणि डॅन गार्डनर यांनी 16,000 हून जास्त प्रकल्पांचा हिशेब दिला आहे. ठरलेल्या खर्चात आणि वेळेत पूर्ण झाले फक्त 8.5 टक्के. पुस्तक धरणं, रेल्वे, ऑलिंपिक असल्या अगडबंब कामांवर आहे, पण त्यातली एक युक्ती गाळ्यातही चालते. नव्या कामाचा अंदाज मनानं बांधू नका, जुन्या कामांच्या नोंदी काढा. 20 दिवस सांगितलेल्या पाच ऑर्डरी 24, 27, 22, 31 आणि 26 दिवसांत गेल्या असतील, तर सरासरी 26. पुढच्या पार्टीला 26 सांगा. इथं हमखास होणारी चूक म्हणजे 31 दिवसांची ऑर्डर ‘ती वेगळी केस होती’ म्हणून वगळणं. पुढची वेगळी केस रांगेत उभीच असते.

आणि मोठं काम घेण्याआधी मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांचा प्री-मॉर्टेम, म्हणजे काम बुडण्याआधीच केलेली त्याची चिरफाड, करून बघा. ही पद्धत त्यांनी 2007 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत मांडली होती. सगळ्यांना बसवायचं आणि सांगायचं, ‘सहा महिने झाले, हे काम पार बुडालं. का बुडालं ते लिहा.’ काय चुकू शकेल असं विचारलं तर माणसं गुळमुळीत बोलतात. बुडालंच असं धरलं की हात मोकळा होतो. दहा मिनिटं प्रत्येकानं आपापलं लिहायचं. मग एकेकाचं एकेक कारण वाचायचं, यादी संपेपर्यंत.

आपल्याकडे यात एक खोच आहे. मालक किंवा घरातले थोरले काका आधी बोलले, की उरलेले ‘हो, तेच’ म्हणतात. म्हणून चिठ्ठ्या बिननावाच्या, वाचणारा भलताच कुणीतरी आणि मालकाची चिठ्ठी शेवटी. मग निघतात ती कारणं कुठल्याही परदेशी पुस्तकात नसतात. गणपतीला कोकणातली मुलं गावी गेली. जुलैत गाळ्यात पाणी शिरलं आणि खालच्या थरातला कागद भिजला. साचा दुरुस्त करणारा एकच मिस्त्री, तो फोन उचलेना. प्रत्येक कारणापुढं एक नाव आणि एक तारीख टाका. कागद जमिनीपासून फूटभर उंच फळ्यांवर चढवायचा, जबाबदार गोदामवाला, 31 मेपर्यंत.

नमस्कार.