‘गिफ्ट’: भेट, विष आणि विवाह

पडद्यावर जी, आय, एफ, टी ही चार रोमन अक्षरे दिसत आहेत. वाढदिवसापासून दिवाळीपर्यंत आपण ज्याला सर्रास ‘गिफ्ट’ म्हणतो, त्याच शब्दाची ही अक्षरे असली, तरी जर्मनीत ती एखाद्या बाटलीवर छापलेली आढळली, तर त्या बाटलीपासून चार हात दूर राहणेच इष्ट, कारण जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ विष असा होतो. विषबाधा झाल्यावर ज्या तातडीच्या दूरध्वनी सेवेची मदत घ्यायची, तिलाही तेथे ‘गिफ्टनोटरूफ’ म्हणतात.

स्वीडनमध्ये याच अक्षरांचा उच्चार ‘यिफ्ट’ असा होतो. तेथे नाम म्हणून त्याचा अर्थ विष, तर विशेषण म्हणून विवाहित. यावर विनोद करण्याचा मोह कोणालाही आवरत नाही; पण शब्दाचा खरा इतिहास त्या विनोदांपेक्षा अधिक रंजक आहे.

हे सारे अर्थ ‘देणे’ या एकाच प्राचीन जर्मानिक क्रियापदातून फुटले आहेत. ‘मुलगी अमक्या घरात दिली’ या बोलण्यातले देणे स्वीडिश विशेषणात टिकून राहिले. विषाची वाट मात्र वैद्याच्या घरावरून जाते. ग्रीक भाषेत ‘डोसिस’ म्हणजे देणे, आणि त्यावरून वैद्याने दिलेली औषधाची मात्रा. आपण ज्याला औषधाचा ‘डोस’ म्हणतो, तो याच शब्दाचा वंशज. लॅटिनमार्गे आलेल्या या शब्दाच्या धर्तीवर जर्मन भाषकांनी आपल्या ‘गिफ्ट’ला मात्रेचा अर्थ दिला आणि पुढे जीव घेणाऱ्या मात्रेसाठी तोच सौम्य शब्द रूढ झाला. बांगडी फुटली तरी ‘वाढवली’ म्हणण्यामागे जी भावना असते, तीच येथेही दिसते.

जर्मनमध्ये दीर्घकाळ हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदले आणि देणगीचे ‘गिफ्ट’ स्त्रीलिंगी, तर विषाचे नपुंसकलिंगी असा भेद रूढ झाला. कालांतराने स्त्रीलिंगी शब्द वापरातून गेला. त्याची खूण उरली ती ‘मिटगिफ्ट’ या शब्दात, ज्याचा अर्थ आहे हुंडा. हुंड्याच्या नावात विष दडलेले असावे, हा भाषेने केलेला न्यायच म्हणायचा!

इंग्रजीची कथा वेगळी आहे. जुन्या इंग्रजीतही हा शब्द होता, पण त्याचा आरंभ ‘य’च्या उच्चाराने होत असे आणि अर्थ होता वधूसाठी दिलेले मूल्य. आजचा ठसठशीत ‘ग’ आणि भेटवस्तूचा व्यापक अर्थ, हे दोन्ही नवव्या शतकापासून इंग्लंडमध्ये वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेचे देणे आहे.

डच भाषेने हा गोंधळ एका अक्षराने मिटवला. तेथे विषासाठी शेवटचा ‘टी’ गाळलेले रूप रूढ झाले आणि ‘टी’सह लिहिलेला शब्द देणगीकडे राहिला. त्यामुळे नेदरलँड्समधील करदाता प्राप्तिकराच्या विवरणपत्रात या शब्दाच्या अनेकवचनाखाली धर्मादाय संस्थांना दिलेल्या रकमा निर्धास्तपणे नोंदवू शकतो.