पळण्यात पटाईत: होजो तोकियुकी आणि त्याची मांगा

[कामाकुरा. डोंगराच्या पायथ्याची रिकामी जागा, झाडी, पक्ष्यांचे आवाज]

ही जी रिकामी जागा दिसतेय ना, इथे एकेकाळी तोशोजी नावाचं बौद्ध मंदिर होतं. 1333 सालच्या उन्हाळ्यात एका दिवसात होजो घराणं इथे संपलं. ताइहेइकी नावाचा जुना युद्धग्रंथ आहे, त्यात लिहिलंय की 870 पेक्षा जास्त माणसांनी इथे पोट फाडून घेतलं, बाप, काका, चुलते, त्यांचे चाकर, सगळे. शत्रूच्या हाती लागायचं नाही, मरायचं तर मानाने मरायचं, हा सामुराईंचा शिरस्ता.

आणि त्याच दिवशी त्या घराण्यातला एक लहान मुलगा पळून गेला.

त्याचं नाव होजो तोकियुकी, आणि आज जी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आणि तिच्यावरची ॲनिमे सिरीज मला तुम्हाला सांगायचीय ती याच पोराची आहे. जपानी नाव निगे जोझु नो वाकागिमी. निगे म्हणजे पळणं, जोझु म्हणजे पटाईत, वाकागिमी म्हणजे धाकटे धनी. पळण्यात पटाईत धाकटे धनी! लेखक युसेई मात्सुई, तेच ज्यांनी ॲसॅसिनेशन क्लासरूम ही मांगा केली. 2021 च्या जानेवारीत शोनेन जंप या मांगा साप्ताहिकात ही सुरू झाली, पुढे शोगाकुकान मांगा पुरस्कार मिळाला, आणि 2024 च्या जुलैमध्ये क्लोव्हरवर्क्स स्टुडिओने ॲनिमे आणला, पहिल्या सीझनचे 12 एपिसोड.

मी सामुराईंच्या गोष्टी लहानपणापासून बघतोय, आणि त्यात हिरो कसा असतो ते तुम्हालाही माहितीय, तलवार उपसणारा, पाठ न दाखवणारा. इथे हिरो पाठ दाखवतो, आणि त्याला त्यातच मजा येते, हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अक्षरशः थांबून परत मागे जाऊन तोच सीन बघितला.

कुठला सीन ते सांगतो, पण आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय त्या सीनचं वजन कळणार नाही.

[नकाशा: तीन बाजूंनी डोंगर, एका बाजूला समुद्र]

कामाकुरा हे सामुराईंच्या पहिल्या सरकारचं गाव. शोगुन, म्हणजे सामुराईंचा सर्वोच्च सेनापती, नावाला, खरा कारभार होजोंच्या हातात, त्यांच्या पदाला शिक्केन म्हणायचे. 1274 आणि 1281 ला मंगोल चालून आले तेव्हा याच होजोंनी देश वाचवला. पण गंमत बघा, लढाई जिंकली तरी जमीन काही मिळाली नाही, आणि सामुराईला बक्षीस द्यायचं ते जमिनीचंच, मग लढलेल्यांना देणार काय? नाराजी साठत गेली, सम्राट गो-दाइगोने उठाव केला, आणि तो मोडायला होजोंनी ज्याला पाठवलं तो सरदार आशिकागा ताकाउजी, ज्याची बायको होजोंच्याच गोतातली, तोच फिरला. इकडे होजोंविरुद्ध उठलेला दुसरा सरदार निट्टा योशिसादा कामाकुरावर आला. डोंगरातल्या अरुंद खिंडी काही केल्या फुटेनात, तेव्हा तो ओहोटीच्या वेळी समुद्राच्या कडेने आत शिरला. त्याने आपली तलवार समुद्राला वाहिली म्हणून पाणी हटलं असं लोक सांगतात.

मांगामध्ये तोकियुकी तेव्हा 8 वर्षांचा आहे. धनुष्यबाणाचा तास म्हटलं की हा गायब, शिक्षक मागे आणि हा छपरावरून पुढे. ॲनिमेत ते कामाकुरा इतकं रंगीत, इतकं लख्ख दाखवलंय की पुढे काय होणारे हे माहीत असून आपण विसरतो, आणि मग त्याच रंगांमध्ये आग लागते. त्याचा सावत्र थोरला भाऊ कुनितोकी, त्याला तर सख्ख्या मामाने शत्रूच्या हवाली केलं, आणि हे मांगाकाराने रचलेलं नाही, इतिहासातच आहे.

आणि आता तो सीन. सुवा योरिशिगे नावाचा एक पुजारी, सुवाच्या मोठ्या देवळाचा मुख्य, जिवंत देव मानला जाणारा माणूस, गोष्टीत त्याच्या डोक्यामागून सतत प्रकाश बाहेर पडत असतो. तर हा योरिशिगे त्या रडणाऱ्या पोराला कड्यावरून खाली शत्रूच्या सैनिकांमध्ये ढकलून देतो. ढकलतो! आणि तलवारी अंगावर येताना ते पोर वाकतं, घसरतं, उडी मारतं, एकाही घावात सापडत नाही, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज येतं. आनंद. घरदार जळतंय, आणि त्याला पहिल्यांदा कळतंय की आपल्याला काय येतं. योरिशिगे त्याला सांगतो की ताकाउजी दुसऱ्यांना मारून मोठा होईल, तू जगून मोठा होशील.

मला विचाराल तर अख्ख्या सिरीजची ओढ इथे आहे. जिथे मरण्याला एवढा मान, तिथे जगणं हेच बंड.

पुढे तो सुवाला लपून वाढतो, कोजिरो, आयाको, शिझुकू अशी त्याच्याच वयाची पोरं त्याची साथीदार होतात. ओगासावारा सादामुने नावाचा धनुर्धारी येतो, ज्याचे डोळे मांगात अर्धा चेहरा व्यापतात, हाही खरा माणूस, ओगासावारांची धनुर्विद्या आणि शिष्टाचार आजही शिकवले जातात. त्याच्याशी घोड्यावरून स्पर्धा होते तेव्हा तोकियुकी पुढे पळता पळता मागे वळून बाण सोडतो, पळणं आणि लढणं एकाच हालचालीत, ते ॲनिमेशन बघाच. त्या दगलबाज मामाचा शेवट मात्र बदललाय. ताइहेइकीत त्याला कोणी उभं करत नाही, भीक मागत उपाशी मरतो. मांगामध्ये ही मुलंच त्याला गाठतात. मला स्वतःला जुना शेवट जास्त भयंकर वाटतो, पण गोष्टीला हाच हवा होता हेही पटतं.

कधीकधी मध्येच व्हिडिओ गेमचे विनोद येतात, काहींना ते खटकतात, मला नाही खटकले. पोरांची गोष्ट आहे, पोरं हसणारच. आणि मांगाच्या पुस्तकांमध्ये तोक्यो विद्यापीठाचे इतिहासकार काझुतो होंगो यांची माहिती पण असते, त्यामुळे खरं काय हे वाचकाला लगेच कळतं.

[रात्र. पेटत्या मशालींची रांग]

आता 1335. योरिशिगे आणि तोकियुकी शिनानोमधून, म्हणजे सुवा ज्या प्रांतात आहे तिथून, फौज घेऊन निघतात आणि कामाकुरा परत घेतात! ताकाउजीचा भाऊ तादायोशी पळतो. राज्य टिकलं साधारण 20 दिवस. याला नाकासेन्दाइचं बंड म्हणतात, म्हणजे आधीचे होजो आणि नंतरचे आशिकागा यांच्या मधलं, असं त्या मुलाचं राज्य नावात राहून गेलं. ताकाउजी सम्राटाची परवानगी न घेता राजधानी क्योतोहून निघाला, कामाकुरा जिंकलं आणि तिथेच थांबला, मग सम्राटाशी बिनसलं, देशात दोन सम्राटांचे दोन दरबार झाले, आणि ते भांडण 1392 पर्यंत चाललं. एका मुलाच्या 20 दिवसांमुळे ही ठिणगी पडली.

योरिशिगे आणि त्याच्या माणसांनी कामाकुराच्या एका मंदिरात जीव दिला, आणि ताइहेइकी सांगतं की त्यांनी आधी स्वतःचे चेहरे ओळखू येणार नाहीत असे केले. म्हणजे शत्रूला वाटावं की मुलगाही यांच्यातच गेला. हे वाचलं तेव्हा मला तो कड्यावरून ढकलणारा हात आठवला.

तोकियुकी परत निसटला. पुढे आणखी दोनदा तो कामाकुरा घेणाऱ्या फौजेत होता, शेवटचा 1352 मध्ये, आणि 1353 मध्ये पकडला गेला, तात्सुनोकुची इथे त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्या जन्माचं सालही नक्की माहीत नाही. वीस वर्षं पळला तो.

आणि एक सांगायचं राहिलं. कुमामोतोमध्ये 1809 साली योकोई शोनान नावाचे एक विचारवंत जन्मले, तोकियुकीनंतर साडेचारशे वर्षांनी. त्यांचं योकोई घराणं आपली वंशावळ ज्याच्यापर्यंत नेतं, तो होजो तोकियुकी.