पडदा पायापासून वर

(दृश्य: कोथरूडमधल्या एका घरातला टीव्ही, आवाज बंद)

२५ जुलै २०१६. ब्रिटनच्या चॅनल ४ वर रात्री दहा वाजता ‘नेकेड अट्रॅक्शन’ हा जोडीदार निवडण्याचा कार्यक्रम सुरू झाला. सहा रंगीत पेट्या, प्रत्येकीत एक नग्न माणूस. पडदा पायापासून वर सरकतो, चेहरा अगदी शेवटी दिसतो. तक्रारी झाल्या, पण तिथल्या ऑफकॉम या नियामकानं चौकशी उघडली नाही. प्रौढांच्या कार्यक्रमांना तिथं मोकळी असलेली रात्री नऊनंतरची वेळ, आधी दिलेली सूचना आणि लैंगिक कृतीचा अभाव, हे पुरेसं ठरलं.

आपल्याकडे घड्याळाची अशी पक्की रेघ नाही. केबल नियमावली १९९४चा नियम ६ ‘सुरुची आणि सभ्यता’ म्हणतो, मुलं जास्त बघतात ती वेळ टाळा म्हणतो. ती वेळ कोणती, हे सांगत नाही. त्यामुळे २०१०मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं ‘बिग बॉस’ रात्री अकरानंतर ढकलला आणि मुंबई उच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली.

(दृश्य: पुण्याचं जिल्हाधिकारी कार्यालय, बाहेरून)

पुण्यात चिडलेला प्रेक्षक आधी केबलवाल्याला फोन लावतो. तो बिचारा काय करणार? कार्यक्रम त्यानं बनवलेला नसतो. जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्त कायद्यानं ‘प्राधिकृत अधिकारी’ आहेत खरे, पण उपग्रह वाहिनीची तक्रार सहसा पुढे केंद्राच्या याच मंत्रालयाकडे जाते.

म्हणून सुरुवात वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्यापासून करा. पोच २४ तासांत, निर्णय १५ दिवसांत मिळायला हवा. पटलं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्याच स्वयंनियामक संस्थेकडे अपील; तिला ६० दिवस मिळतात. त्यानंतर केंद्र सरकार.

अर्ज बहुधा एकाच कारणानं लटकतो. ‘परवा रात्री घाणेरडं दाखवलं’, एवढंच लिहिलेलं असतं. वाहिनी, तारीख, वेळ, भाग आणि दृश्य लिहा. व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप पुरावा म्हणून कच्ची. ती कापलेली असते, कधी परदेशातलीही. वाहिन्यांना ९० दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवावं लागतं, त्यामुळे तारीख अचूक असली की दृश्य सापडतं. उशीर केलात तर ते पुसलेलं असू शकतं.

(दृश्य: मोबाइलचा पडदा)

२०२५मध्ये उल्लू ॲपवरच्या ‘हाउस अरेस्ट’नं गदारोळ उठला. तो ॲपवरचा कार्यक्रम असल्यानं केबल कायदा लागूच नव्हता. तिथं २०२१चे आयटी नियम लागतात. जुलैत सरकारनं उल्लूसह २५ ॲप्स बंद करायला सांगितली. तक्रार लिहिताना कार्यक्रम वाहिनीवर पाहिला की ॲपवर, हे पहिल्याच ओळीत लिहा.