आधी मस्टर, मग देणगी

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय मंदीबद्दल. म्हणजे धंदा बसतो, ऑर्डरी थांबतात, तेव्हा कंपनीनं आपल्या माणसांचं काय करायचं आणि सरकारनं काय करायचं. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, आधी मस्टर, मग देणगी. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, ज्यांची नावं आहेत त्यांच्या घरची चूल आधी, बाकी सगळं समाजकार्य नंतर.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, हा शब्द तुमच्या कानावर असेलच. २०१३ च्या कंपनी कायद्यात १३५ वं कलम आलं आणि १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झालं. कंपनीची नेटवर्थ, म्हणजे देणी वजा जाता उरणारी मालमत्ता, ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी बसलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करायचे. चांगला कायदा आहे, त्यातून शाळा झाल्या, दवाखाने झाले, पाण्याची कामं झाली, ते कुणी नाकारू नये.

पण २०२० साली काय झालं बघा. लॉकडाऊन लागला. २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयानं आदेश काढला की कामगारांचा पगार कापायचा नाही, पूर्ण द्यायचा. लगेच कंपन्या विचारायला लागल्या की मग हा पगार सीएसआरमध्ये धरायचा का? १० एप्रिलला कंपनी व्यवहार मंत्रालयानं उत्तर दिलं, नाही. पगार देणं हे तुमचं नैतिक कर्तव्यच आहे, ते समाजकार्य म्हणून दाखवता येणार नाही. हंगामी आणि रोजंदारीवरच्या माणसांना मजुरीच्या वर काही जादा रक्कम दिली तर तेवढी धरता येईल. मला हे उत्तर शंभर टक्के पटतं. त्याच उत्तरात पंतप्रधानांच्या पीएम केअर्स निधीला दिलेले पैसे सीएसआर आणि मुख्यमंत्री निधीला दिलेले नाहीत असंही होतं. ते मात्र मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही, संकट राज्याच्या दारात होतं तर राज्याच्या निधीला तोच मान हवा होता. असो. पुढे मे महिन्यात पूर्ण पगाराचा आदेश मागे घेतला गेला आणि १२ जूनला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मालकांवर सक्तीची कारवाई नको, मालक-कामगारांनी बसून बोलणी करावीत.

बसून बोलणी करावीत. आता ही बोलणी प्रत्यक्षात कशी होतात त्याचा एक किस्सा मला सांगायचाच आहे. मी तो बऱ्याच ठिकाणी सांगितलाय, पण रेडिओवर सांगायचा राहिला होता.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एक फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणारा कारखाना. मोठी नाही, साठ-सत्तर माणसं, ट्रॅक्टरचे आणि पंपाचे कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, करणारी. मालकाचं नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांचे अकाउंटंट माझे जुने स्नेही, सगळं त्यांच्या तोंडून ऐकलेलं. मार्चचा पगार झाला, तो झालाच असता, जवळजवळ महिनाभर काम झालेलं होतं. प्रश्न एप्रिलचा. भट्टी थंड, गेट बंद, आणि एका मोठ्या कंपनीकडे यांची कित्येक महिन्यांची बिलं अडकलेली. रोज फोन करायचा, रोज तिकडून एकच उत्तर, सध्या सगळी पेमेंट होल्डवर आहेत. बिल फाडलं की जीएसटी भरावाच लागतो हो, पैसे हातात येवोत न येवोत. आणि त्याच आठवड्यात पेपरात त्याच कंपनीचा फोटो, भल्यामोठ्या देणगीचा चेक देताना. अकाउंटंट सांगत होते, मालकांनी तो पेपर घडी घालून टेबलाच्या खणात ठेवला आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन कागद काढायला सांगितले. एकावर बँकेत किती आहेत आणि किती येणं आहे, दुसऱ्यावर मस्टरची नावं पगारासकट. मग गावातल्या आणि शेडमध्ये राहणाऱ्या कामगारांना थोडे थोडे करून अंगणात बोलावलं, लांब लांब उभं केलं आणि दोन्ही कागद मोठ्यानं वाचून दाखवले. विजेचं बिल इतकं, भट्टी बंद असली तरी डिमांड चार्ज, म्हणजे विजेचा ठरलेला आकार, चुकत नाही. कर्जाच्या हप्त्याला रिझर्व्ह बँकेनं तीन महिने सवलत दिलीय म्हणून तेवढा श्वास आहे. आणि हे एवढे पैसे. यातून दोन महिने काढायचेत, सांगा कसं करायचं ते.

कुणी काही बोलेना. मग एक म्हातारा मोल्डर, म्हणजे साचे भरणारा कारागीर, पुढे आला, मालकाच्या वडलांच्या वेळेपासूनचा माणूस. म्हणाला, "मालक, पंधरा हजाराच्या खालचं कुणाचं कापू नगा. आमचं कापा, आमची पोरं मोठी झाल्यात." आणि मग त्यानं विचारलं, "यादीत फेटलिंगची पोरं कुठं हाईत?"

श्रोतेहो, फेटलिंगची पोरं ठेकेदाराची. ओडिशाची, बिहारची. कास्टिंग घासायचं, धुळीत उभं राहायचं, फौंड्रीतलं सगळ्यात वाईट काम त्यांचं, आणि कंपनीच्या मस्टरवर त्यांची नावंच नाहीत. ठेकेदारानं फोन उचलणं बंद केलेलं. मालक म्हणाले, ती ठेकेदाराची माणसं आहेत. म्हातारा म्हणाला, "जेवायला तर आमच्यातच बसत्यात."

त्यावर मालकांनी अकाउंटंटला पेन काढायला सांगितलं आणि ती बावीस नावं मस्टरच्या कागदाच्या मागच्या बाजूला हातानं लिहून घेतली. तिथंच ठरलं, कमी पगारवाल्यांना पूर्ण, सुपरवायझरचा एक तृतीयांश मागे ठेवायचा, ऑफिसचा अर्धा, मालक आणि त्यांचा मुलगा काहीच घेणार नाहीत. मागे ठेवलेला पैसा बुडणार नाही, वहीत प्रत्येकाच्या नावापुढे लिहायचा. शेडमधल्यांची मेस चालू ठेवायची. परवानगी मिळाली तशी पाळीपाळीनं माणसं आली, भट्टीचं लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, केलं, पॅटर्न रूममध्ये वर्षानुवर्षं धूळ खात पडलेले पॅटर्न, म्हणजे साच्यांचे नमुने, पुसले, नंबर टाकले, रॅकवर लावले.

पुढचं तुम्हाला आठवत असेलच. मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटायला लागल्या आणि शेजारच्या शेड रिकाम्या झाल्या. या फौंड्रीतून काही पोरं गेली, पण बरीचशी थांबली. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, ट्रॅक्टरची मागणी सगळ्यांच्या आधी उठली, आणि ऑर्डर आली तेव्हा आजूबाजूचे लोक माणसं शोधत होते आणि यांची भट्टी पेटली होती. मागे ठेवलेला पैसा दिवाळीपर्यंत हप्त्याहप्त्यानं सगळ्यांना परत मिळाला. अकाउंटंटनी तो मस्टरचा कागद जपून ठेवलाय, मी बघितलाय, मागची नावं घाईत लिहिलेली आहेत आणि दोन आडनावं चुकलेली आहेत.

जाता जाता एक बोलतो, हे सगळं झालं ते पैशाचा हिशेब उघड वाचला म्हणून. आपल्याकडे दहावी झालेल्या पोराला पगाराची स्लिप वाचता येत नाही, पीएफ किती कापला, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, काय, काही कळत नाही. शाळेत हे शिकवलं पाहिजे, माझं फार जुनं मत आहे.

आता प्रत्येक मालक असा नसतो, आणि असला तरी त्याच्या खिशाला मर्यादा असते. इथं सरकारचं धोरण लागतं. २००९ च्या मंदीत जर्मनीची अर्थव्यवस्था ५ टक्क्यांच्या आसपास आकसली, पण बेकारी फारशी वाढली नाही, कारण तिथं कंपनी माणसाला काढत नाही, कामाचे तास कमी करते, आणि बुडालेल्या पगाराचा ६० टक्के भाग, मूल असेल तर ६७ टक्के, सरकारी रोजगार यंत्रणा भरून देते. आपल्याकडे २०२० मध्ये १०० पर्यंत कामगार असलेल्या आणि बहुतेकांचा पगार १५ हजारांच्या खाली असलेल्या ठिकाणी सहा महिने पीएफचे दोन्ही वाटे केंद्रानं भरले, उद्योगांना विनातारण कर्ज दिलं. पण कर्ज फेडावं लागतं. बंद काळातल्या पगाराचा वाटा कुणी उचलला नाही, आणि माझ्या मते तिथंच धोरण कमी पडलं.

आणि हे महाराष्ट्राला नवीन नाही हो. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी राज्यभर उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला, पुढे २००५ ला देशानं तसाच कायदा केला. आणि त्यासाठी पैसा कुठून आला? शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून. तुमच्या स्लिपवर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये प्रोफेशन टॅक्स कापला जातो ना, तो १९७५ मध्ये यासाठीच सुरू झाला. पगारवाल्यानं बिनकामाच्या माणसासाठी थोडं सोडायचं, हे आपण पन्नास वर्षांपूर्वी मान्य केलंय. गावासाठी केलं ते कारखान्यातल्या ठेक्याच्या माणसासाठी का करू नये?

मोठ्या कंपन्यांना माझी एकच विनंती आहे, देणगी द्या, जरूर द्या, पण आधी मस्टर बघा, आणि मस्टरच्या मागच्या बाजूची नावंही बघा. त्यात तुमच्या छोट्या पुरवठादाराचं बिलही येतं, कारण त्याच्या बिलात त्याच्या माणसांचा पगार असतो. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यानं ते ४५ दिवसांच्या आत द्यायचं असतं, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. ऐकणाऱ्यांत कुणी छोटा उद्योजक असेल आणि बिल अडकलं असेल, तर एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार टाका, ती फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेकडे, जाते. आणि ठेक्यावर काम करणाऱ्या भावाबहिणींनो, आपला ईएसआयचा नंबर ठेकेदाराकडून आजच मागून घ्या, आणि पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक, म्हणजे यूएएन नंबर, घेऊन पासबुकात पैसे जमा होतायत का ते दर महिन्याला बघा.