नक्की म्हणजे किती नक्की?

मंडळी, अतिआत्मविश्वास म्हटलं की डोळ्यांसमोर एक ठरावीक माणूस उभा राहतो. छाती पुढे काढून चालणारा, समोरच्याचं वाक्य मधेच तोडणारा. या माणसाला मी आजच्या विषयातून सुरुवातीलाच रजा देतो. त्याची फुशारकी सगळ्यांना ऐकू येते, त्यामुळे लोक त्याचं बोलणं आपोआपच अर्धं कापून घेतात. मला बोलायचंय ते शांत, अभ्यासू, हळू आवाजात बोलणाऱ्या माणसांच्या अतिआत्मविश्वासाबद्दल. म्हणजे इथे जमलेल्या बहुतेकांबद्दल, व्यासपीठ धरून.

या विषयावर सर्वांत जास्त सांगितला जाणारा प्रयोग गाडी चालवण्याचा आहे. ओला स्वेन्सन या संशोधकाने १९८१ साली तो प्रसिद्ध केला. आपल्या गटात आपण किती कुशल चालक आहोत, असं विचारल्यावर अमेरिकेतल्या ९३ टक्के विद्यार्थ्यांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं. स्वीडनमध्ये हेच प्रमाण ६९ टक्के होतं. वरच्या निम्म्यात निम्मेच मावतात, त्यामुळे ऐकणारा हसतो आणि विषय संपला असं समजतो. पण अवघड, कधी न केलेल्या कामाबद्दल विचारलं, तर हीच माणसं उलट बोलतात. चेंडू हवेत फेकून झेलत राहण्याची कसरत घ्या. तिथे बरेच जण स्वतःला सरासरीपेक्षा कच्चे समजतात. तेव्हा 'मी इतरांपेक्षा भारी' हा अतिआत्मविश्वासाचा गाभा नव्हे.

(जाता जाता, डनिंग आणि क्रुगर या मानसशास्त्रज्ञांच्या नावाने फिरणारी ती डोंगर-दरीची आकृती तुम्ही पाहिली असेल. अडाण्याचा आत्मविश्वास शिखरावर, मग घसरण, मग हळूहळू चढण. १९९९च्या त्यांच्या मूळ निबंधात ती आकृती नाही. पण ती दाखवणारे किती खात्रीने दाखवतात!)

मग गाभा कुठे आहे? आत्ताच करून पाहू. नाईल नदीची लांबी किती? एक आकडा नको, दोन सांगा, एक खालचा आणि एक वरचा. खरं उत्तर त्या दोहोंच्या मधे असेल याची तुम्हाला ९८ टक्के खात्री हवी. ठरवलेत? लांबी साधारण ६,६५० किलोमीटर आहे. ज्यांचा आकडा बाहेर पडला त्यांनी ओशाळू नये, त्यांना भरपूर सोबत आहे. अल्पर्ट आणि रायफा या संशोधकांनी अशा प्रश्नांची मालिका विद्यार्थ्यांना दिली होती. शंभरात दोन उत्तरं चुकायला हवी होती, चुकली चाळीसच्या आसपास.

गंमत म्हणजे 'शंभर ते एक लाख किलोमीटर' म्हणायला कुणी मनाई केली नव्हती. नदीबद्दल काडीचीही माहिती नसलेल्या माणसाला तेच शोभलं असतं. पण असं उत्तर देणारा आपल्याला मूर्ख वाटतो, आणि 'सहा हजार ते साडेसहा हजार' म्हणणारा जाणकार वाटतो, मग तो चुकला तरी चालेल. आपण बक्षीस देतो ते नेमकेपणाला. म्हणून अडाणीपणासुद्धा नेमक्या आकड्यांत बोलायला शिकतो.

रोजच्या जगण्यात याचा फटका सर्वांत जास्त कुठे बसत असेल तर तो 'कधी होईल?' या प्रश्नाच्या उत्तरात. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, काम किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. मग विचारलं, होता होईल तेवढं सगळं बिघडलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले साडेपंचावन्न. म्हणजे त्यांचं वाईटातलं वाईट स्वप्नही वास्तवापेक्षा गोडच निघालं. आणि हे फक्त विद्यार्थ्यांचं नाही. सिडनीचं ऑपेरा हाउस १९६३मध्ये सत्तर लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांत उभं राहणार होतं. ते खुलं झालं १९७३ साली, खर्च दहा कोटींच्या वर गेला.

असं का होतं? अंदाज करताना आपण काम आतून बघतो. आधी हे, मग ते, मग शेवटचा हात. ज्या गोष्टीमुळे उशीर होणार असतो ती या यादीत कधीच नसते. असती तर आपण तिची सोय केली असती. बरं, मागच्या खेपेचा उशीर आठवत नाही असंही नाही. पण त्याला 'त्या वेळचं' कारण होतं. तेव्हा आजारपण आलं, त्याआधी सामान उशिरा पोचलं, त्याच्याही आधी माणूसच सोडून गेला. कारण दर वेळी निराळं असल्यामुळे उशीर दर वेळी तेवढाच आहे, हे लक्षातच येत नाही. त्यापेक्षा अशी कामं इतरांना किती दिवसांत झाली, एवढंच बाहेरून बघितलं तर अंदाज बराच सुधारतो. पण आपलं काम 'इतरांसारखं' आहे हे मानायला कोण तयार असतं?

हवामानाचे अंदाज देणाऱ्यांची आपण थट्टा करतो. पण त्यांच्यातले कसलेले लोक पावसाची शक्यता ७० टक्के म्हणतात, तेव्हा अशा शंभर दिवसांपैकी सत्तरेक दिवस खरंच पाऊस पडतो. इतका नेमका आत्मविश्वास फार थोड्या व्यवसायांत सापडतो. ते स्वभावाने नम्र असतात असं नव्हे. त्यांना आकडा आधी लिहून द्यावा लागतो आणि दुसऱ्या दिवशी आभाळ उत्तर देतं. नुसता निकाल कळून मात्र भागत नाही. बार्बर आणि ओडिन या अभ्यासकांनी १९९१ ते १९९६ या काळातली साठ हजारांहून अधिक अमेरिकी कुटुंबांची शेअरखाती तपासली. सर्वांत जास्त खरेदी-विक्री करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले, बाजार मात्र १७.९ टक्क्यांनी वाढत होता. आपल्या खात्याचा उतारा यांतल्या प्रत्येकाकडे येतच होता. पण नफा झाला की तो आपला अभ्यास आणि तोटा झाला की अंगण वाकडं! काय होईल असं आधी लिहून ठेवलेलं नसेल, तर मागाहून कोणताही निकाल आपल्या बाजूने वळवता येतो.

मघाशी चिठ्ठी आली आहे: 'सतत शंकाच घेत बसलो तर काम कसं करायचं?' प्रश्न रास्त आहे. शस्त्रक्रिया करताना सर्जनचा हात डळमळू नये, हे मलाही मान्य. पण 'रुग्ण किती दिवसांत चालू लागेल?' या प्रश्नाला त्याच सर्जनने एकच तारीख द्यावी, असं त्यातून निघत नाही. कृती ठाम आणि अंदाज सैल, हे एकाच माणसात सुखाने नांदू शकतं.

ज्यांना बैठका चालवाव्या लागतात त्यांच्यासाठी गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची एक युक्ती सांगतो. काम सुरू करायच्या आधी सगळ्यांना म्हणायचं, वर्ष उलटलंय, हे काम साफ फसलंय, का फसलं ते लिहा. 'काही शंका आहे का?' असं विचारलं तर तोंड उघडणारा अपशकुनी ठरतो. फसलंय असं गृहीतच धरलं की शंका काढणं हेच प्रत्येकाचं काम होतं. त्यात माझी एक भर. सर्वांत वरिष्ठ व्यक्तीने आपला कागद सगळ्यांच्या शेवटी वाचावा. आधी वाचला, तर बाकीच्यांचे कागद वाचता वाचताच बदलायला लागतात.